हृदयाची भिंत

आज एक चूक तुमच्यापुढे कबूल करते.

नातू जन्मला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. माझ्या तोंडून निघून गेले, "सूनबाई, सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तरी तू विळीवर भाजी चिरलीस." ती काही बोलली नाही. बाळाकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकले. मला जवळ बसवून म्हणाल्या, "आजी, गर्भ साधारण तीन आठवड्यांचा झाला की हृदय धडधडू लागतं. तेव्हा ती नुसती नळी असते. नळीचा बाहेरचा थर आतल्या थराला निरोप धाडतो. 'बीएमपी' नावाची प्रथिनं म्हणजे त्यातलाच एक निरोप. तो पोचला की आतल्या काही पेशी रांग सोडून मधल्या जागेत शिरतात. त्यांतून झडपा आणि पडद्याचा काही भाग घडतो. असे कितीतरी निरोप लागतात. एखादा कमी पडला तर फट राहू शकते. पण ही भिंत आठव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. तुमचं ग्रहण त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आलं."

मी गप्प झाले.

रक्तवाहिन्यांचेही त्यांनी सांगितले. जिथे प्राणवायू कमी पडतो, तिथल्या पेशी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात. जवळच्या वाहिनीतली एक पेशी तिकडे पुढे सरते आणि 'नॉच' या खुणेने शेजारणीला मागे थांबवते. मागच्या पेशींचीच मग नळी होते. माउलींनो, दिंडीत सगळेच पताका घेऊन पुढे धावले, तर दिंडी उरेल का?

अशा छिद्राचे एकच कारण बहुतेक वेळा सापडत नाही. आईचा मधुमेह आधीपासून आटोक्यात ठेवणे, रुबेलाची लस गर्भारपणाआधी घेणे, हे आपल्या हातात आहे. विळी लपवून काही होत नाही.

वारीत आपण लहानथोर न बघता एकमेकांच्या पाया पडतो. त्या संध्याकाळी मी सुनेपुढे वाकले. तिने माझे हात धरले आणि इतक्या दिवसांचे रडू तिला फुटले.

छिद्र लहान होते, दोन वर्षांत आपोआप बुजले. तुमच्या घरी असे बाळ आले, तर आधी त्याच्या आईजवळ जाऊन बसा. दोष शोधू नका.