भावकीतली गाठ

पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झालेली बाई डॉक्टरांसमोर मान खाली घालून सांगते, ‘थोडंसं अंगावरून जातंय.’ बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. क्वचित पिशवी काढावी लागते. आणि त्याहून क्वचित, तपासायला आलेला तुकडा पाहताना पॅथॉलॉजिस्ट खुर्ची पुढे ओढतो.

गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या त्या पातळ कापात एकीकडे ग्रंथींची वेडीवाकडी वळी दिसतात. हा अस्तराचा कर्करोग, कार्सिनोमा. त्याला खेटूनच लांबट पेशींचा लोंढा, हा सार्कोमा. इथवर ठीक. पण कधीकधी मध्येच कूर्चेचा पुंजका निघतो, नाहीतर दंडाच्या स्नायूत असतात तशा आडव्या रेघांच्या पेशी. गर्भाशयात कूर्चेचं काय काम?

गर्भाशयाच्या कर्करोगांत हा कार्सिनोसार्कोमा शंभरात पाचांहून कमी, पण त्याच्या जन्मावरून वाद मात्र भरपूर झाले. कुणी म्हणे, शेजारी वाढलेल्या दोन गाठी एकमेकींत घुसल्या. कुणी म्हणे, कार्सिनोमाच पालटून सार्कोमा झाला. जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा दोन्ही भागांत बहुधा एकच बिघाड सापडला. पुष्कळदा टीपी५३ या जनुकातला, आणि तोही त्याच जागी. इतकं साम्य योगायोगाने येत नाही. अस्तराच्या पेशीनेच शेजारणींना सोडलं, ती लांबट झाली आणि सुटी फिरू लागली. खरोखर दोन गाठी भिडल्याची उदाहरणं आहेत, पण विरळा.

अस्तराच्या पेशीने कूर्चेचं नाहीतर स्नायूचं रूप घ्यावं, याचं मला फारसं नवल वाटत नाही. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये गर्भातल्या ज्या नळ्यांचं वर्णन केलं, त्यांच्यापासूनच गर्भाशय घडतं. या नळ्या गर्भाच्या मधल्या थरातून येतात आणि हातापायांची हाडं, कूर्चा, स्नायूही त्याच थरातले. म्हणजे सगळी भावकीच. अर्थात भावकीने सगळं कोडं सुटत नाही. अन्ननलिकेत, फुफ्फुसातही असल्या मिश्र गाठी होतात, आणि तिथलं अस्तर तर निराळ्या थराचं.

उपचार करणाऱ्याला या वादातून एवढंच हवं असतं: दूर पसरतो तो बहुतेकदा कार्सिनोमाचा भाग. म्हणून आता हा रोग अस्तराच्या कर्करोगांतच धरतात. शस्त्रक्रियेनंतरची औषधंही तीच, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. अहवालात मात्र दोन्ही नावं छापलेली असतात, आणि तो वाचून लेक विचारते, ‘आईला एक कॅन्सर आहे की दोन?’ एकच, असं आता बहुतेकदा सांगता येतं. तो नेहमीच्यापेक्षा चिवट आहे, हेही त्याच दमात सांगावं लागतं.