पायांनी वाचलेले घाट

सह्याद्री देशावरून येताना डोंगर वाटतच नाही. जमीन हळूहळू चढत जाते आणि एका ठिकाणी एकदम तुटते. पुढे कडा, आणि खाली धुरकट उन्हात कोकण. हा कडा गाडीनं ओलांडायच्या जागा मोजक्या आहेत. पायी ओलांडायच्या वाटा मात्र जागोजागी. बरीच वर्षं मी एक पद्धत पाळत आलो आहे. गाडीरस्त्याचा घाट सायकलवर करायचा आणि त्याच्या जवळपासची जुनी घाटवाट पायी. दोन्ही झाल्याशिवाय डोंगराचा तो भाग मला कळला असं वाटत नाही.

माळशेज आणि नाणेघाट ही त्यातली माझी सर्वांत आवडती जोडी. जुन्नरहून पहाटे निघायचं, गणेशखिंडीचा चढ अंधारातच संपवायचा, मढ ओलांडलं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी सोबतीला येतं. खुबी फाट्यापर्यंत घाट आला आहे याचा पत्ताही नसतो. मग डावीउजवीकडे कातळ उभे राहतात, वारा तोंडावर येतो आणि रस्ता खाली घसरू लागतो.

सायकलवर घाट उतरताना सगळं लक्ष हातांत असतं. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, आलटून पालटून, थोडा थोडा. एकच ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि पकड सुटायला लागते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. आतल्या बाजूला डोंगरातून झिरपलेलं पाणी आणि बारीक खडी असते, म्हणून तिकडे फार घुसायचं नाही. बाहेरच्या बाजूनं ट्रक येत असतो, म्हणून तिकडेही रेंगाळायचं नाही. खाली मोरोशीपर्यंत येताना हवा बदलत जाते. वरचा कोरडा गारवा सुटतो, अंगाला ओल चिकटते. हा बदल गाडीच्या काचेआड कळत नाही, सायकलवर मानेवर आणि हाताच्या कातडीवर कळतो.

तोच घाट चढताना रस्त्याचा स्वभाव समजतो. माळशेजचा चढ लांब आहे, पण अंगावर येत नाही. लहान गिअरवर पाय एका लयीत फिरत राहिले की माणूस वर पोचतो. भरलेल्या ट्रकला झेपेल तेवढाच चढ द्यायचा, त्यासाठी डोंगर कापत, वळसे घेत, बोगदा काढत लांबून जायचं, हे गाडीरस्त्याचं शास्त्र. त्याची किंमतही सायकलवरून दिसते. कापलेली कड उघडी पडते, पावसाळ्यात पाणी तिच्यात मुरतं आणि दरड खाली येते. ताज्या मातीचे आणि फुटलेल्या दगडांचे पट्टे वळणावळणावर जवळून बघायला मिळतात.

आता जुनी वाट. मोरोशीकडून वैशाखरे गावाकडे येताना, गाव यायच्या आधी, नाणेघाटाची पायवाट महामार्ग सोडते. सायकल ओळखीच्या हॉटेलमागे लावायची आणि चालू लागायचं. सुरुवातीला झाडी, मधेच ओढा, मग चढ. समोर नानाचा अंगठा हा कडा आकाशात उभा. इथे ट्रकची सोय कुणी पाहिलेली नाही. माणूस आणि पाठीवर ओझं घेतलेला बैल यांना जेवढं जमेल तेवढं सरळ वर, एवढाच हिशेब. जिथे कातळ आडवा आला तिथे पायऱ्या, जिथे दम लागतो तिथे टेकायला सपाटी.

एकदा या वाटेवर डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई पुढे चालत होती. मी विचारलं, "मावशी, वर कुठं?"

"घाटघरला. बहिणीकडं."

"गाडीनं नाही गेलात?"

"गाडीनं जायचं तर माळशेज चढायचा, ओतूरला उतरायचं, तिथनं जुन्नर, मग जुन्नरहून घाटघरची गाडी बघायची. तवर मी जाऊन भाकर खाल्लेली आसंल दादा."

सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरला याच वाटेनं चढायचा. मावशींनी सांगितलं तेच या वाटेचं कारण. ती जवळची आहे.

माथ्याच्या थोडं अलीकडे लेणं लागतं. आत डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख. त्यात दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांची नोंद आहे. दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणांचे आकडे आहेत. भारतातल्या अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत या लेखातले आकडे मोडतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता उरलेत ते फक्त पायांचे अवशेष आणि वर कोरलेली नावं, त्यांत सातवाहन घराण्याच्या सिमुकाचंही. यज्ञांचा आणि दानांचा हिशेब राणीनं राजधानीत कोरला नाही, या चढावर कोरला. खालून घामाघूम होऊन आलं की त्याचं कारण कळतं. प्रत्येक व्यापारी, प्रत्येक तांडा इथे थांबणारच. सावली इथे, टाक्यांतलं पाणी इथे. वाचणारा माणूस आपोआप दारात येतो.

पुढे दोन कातळभिंतींच्या मधली अरुंद खिंड, आणि खिंड संपल्यावर दगडी रांजण. जकातीची नाणी या रांजणात पडत असं परंपरा सांगते. हल्ली जुन्नरकडून थेट इथपर्यंत गाडी येते. लोक रांजणाशी फोटो काढतात, उलटा धबधबा बघतात आणि परततात. त्यांना रांजण दिसतो, पण तो इथेच का, हे कळायला खालून यावं लागतं. चढ संपलेला, दम लागलेला, दोन्ही बाजूंना कातळ, बगल द्यायला जागा नाही आणि उतरून मागे जायची इच्छा नाही. जकात घ्यायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

इतिहासाच्या पुस्तकातली वाक्यं अशी पायांना कळतात, हे मला घाटांनी शिकवलं. वरंधा घाट भोरकडून सायकलवर करताना नीरा देवघरचं पाणी, माथ्यावर वाघजाईपाशी गरम भजी आणि मग माझेरीपर्यंतची वळणं, हा निखळ आनंद. पण त्याच डोंगररांगेत केळदहून मढे घाट पायी उतरताना मन वेगळंच होतं. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० मध्ये उमरठ्याला नेला तो या वाटेनं, अशी आठवण हा मुलूख जपतो. पाठीवर फक्त पिशवी असताना त्या उतारावर माझे गुडघे थरथरतात. पालखी खांद्यावर घेऊन रात्रंदिवस चाललेल्या माणसांबद्दलचा आदर तिथे शब्दांत मावत नाही.

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाचंही तेच. नागफणीच्या बाजूनं उतरून चावणीला पोचलं की उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखानाची फौज इथे कोंडली गेली. नकाशावर ही खिंड किरकोळ दिसते. ती वाट स्वतः उतरली, वर पाहिलं आणि झाडीत वारा पडला, की उमगतं: तोफा-सामानासह उतरलेल्या सैन्याला हा चढ पुन्हा चढणं शक्यच नव्हतं. शिवाजी महाराजांनी लढाईची जागा निवडली तेव्हाच निम्मी लढाई जिंकली होती.

हे सगळं लिहितोय कारण या वाटा हरवत आहेत. गाडीरस्ता वाड्यावाड्यांत पोचला, तो पोचायलाच हवा होता. पण माणसांचं जाणं-येणं थांबलं की दोनचार पावसाळ्यांत कारवी आणि घाणेरी वाट गिळते, पायऱ्यांवर माती बसते, टाकी गाळानं भरतात. ओळखीच्या वाटांवर दर हिवाळ्यात ठसे कमी होताना मी पाहतो आहे. अशी वाट जिवंत ठेवायचा एकच उपाय आहे, तिच्यावर चालणं.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत एक जोडी निवडा. सायकल नसेल तर एसटीनं घाट चढा, चालेल. ब्रेक, दिवा आणि पंक्चरचं सामान आधी तपासा. भरपूर पाणी घ्या. पायवाटेसाठी पायथ्याच्या गावातला माहीतगार सोबत घ्या आणि त्याची मजुरी ठरवून, हातात द्या. वाटेत विचारा, ऐका, टाक्यातला कचरा काढा. लेखावर हात फिरवू नका, नाव तर मुळीच कोरू नका. आणि शक्य असेल तेव्हा नाणेघाट खालून चढा.