अब्बांची करवत

अंबडला अब्बांच्या सुतारकामाच्या दुकानात आडव्या दांड्यावर मोटार पुढेमागे सरकणारी जुनी करवत आहे. अमेरिकेच्या रेमंड डिवॉल्टने १९२२ साली काढलेला हा प्रकार. तिचं पातं डगमगू लागलं. असं पातं लाकूड धरून अंगावर धावून येतं. भाईजान म्हणाले, "भंगारात द्या, जालन्यात भट्ट्या कमी आहेत का?" अब्बा त्या रात्री जेवले नाहीत.

रविवारी आम्ही दोघे धाकटे बसलो. आधी प्लग काढला. दांड्याच्या खाचेत भुसा नि तेल डांबरासारखं घट्ट बसलेलं, ते रॉकेलने पुसलं. मग बेअरिंगचा बोल्ट. त्याचा मध्य मुद्दाम बाजूला असतो, फिरवला की बेअरिंग खाचेला टेकतं. जास्त आवळला की मोटार अडे, कमी झाला की हले. अब्बांनी मोटार ओढून पाहिली. "अजून पाव आटा."

कापलेल्या तुकड्याला त्यांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि अम्मींना चहा टाकायला सांगितला.