आईची ओळख लेकावरून

पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या दोन-तीन मिलिमीटरच्या फळमाश्यांपैकी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या जातीची नोंद योहान मायगेन यांनी १८३० मध्ये केली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांतून तिच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवल्या गेल्या. एवढी भिंगाखाली गेलेली माशी. तरी हुबेहूब तिच्यासारखी दुसरी जात शेजारी नांदते आहे, हे कळायला १९१९ साल उजाडलं. मॉर्गन यांचेच शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी ती वेगळी काढली : ड्रॉसोफिला सिम्युलन्स.

स्टर्टेव्हंट यांना तांबडा आणि हिरवा नीट ओळखता येत नसे. इथे तरी त्यानं अडण्यासारखं नव्हतं. थंडीत वाढलेली माशी मोठी आणि काळसर होते, अळीपणी उपाशी राहिलेली खुजी निघते. रंगावरून किंवा अंगकाठीवरून जात ठरवणारा हमखास फसतो.

पुढच्या पायांवर काळ्या राठ केसांचा कंगवा दिसला, की नर हाती लागला. पण कंगवा दोन्ही जातींना असतो. मग बेशुद्ध नराला बारीक कुंचल्यानं कुशीवर वळवायचं आणि पोटाचं टोक न्याहाळायचं. तिथे, समागमाच्या वेळी मादीच्या अंगाला अडकणारं एक चिमुकलं पातं असतं. मेलॅनोगॅस्टरचं अरुंद, आकडीसारखं. सिम्युलन्सचं रुंद, गोलसर. नजर एकदा बसली की घोळ होत नाही.

१९७४ मध्ये मॉरिशसची मॉरिशियाना आणि १९८१ मध्ये सेशेल्सची सेशेलिया या भावकीत आल्या. मॉरिशियानाचं पातं बारीक, बोटासारखं. सेशेलिया तर इतर फळमाश्यांना विषारी ठरणाऱ्या नोनीच्या फळावर वाढते. पण सापळ्यात आलेल्या माशीला जेवण विचारता येत नाही. पुन्हा पोटाचं टोकच पाहावं लागतं.

खरी पंचाईत माद्यांची. सुझुकी जातीच्या मादीची अंडी घालण्याची नळी करवतीसारखी दातेरी असते, झाडावरच्या फळाची साल कापणारी. ती चटकन ओळखू येते. मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलन्सच्या माद्यांवर अशी ठसठशीत खूण नाही. म्हणून बाहेरून आणलेली प्रत्येक मादी वेगळ्या कुपीत ठेवतात. बहुधा तिचा संग आधीच झालेला असतो. ती अंडी घालते, पंचवीस अंश सेल्सिअसला दहाएक दिवसांत पुढची पिढी बाहेर येते. त्यातला एक नर उचलायचा, पातं पाहायचं आणि कुपीवर आईची जात लिहायची.

मेलॅनोगॅस्टरची मादी सिम्युलन्सच्या नराशी जुळली असेल, तर मात्र कुपीत जवळपास सगळ्या लेकीच निघतात, त्याही वांझ. हा संकर स्टर्टेव्हंट यांनीच करून पाहिला होता.