यकृताची रात्र

घरात निजानीज झाली की यकृताची रात्रपाळी सुरू होते. दीडेक किलोचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली मुकाट राबतो. जेवण पचून रक्तातलं इन्सुलिन उतरू लागलं की त्याच्या पेशींतलं पीपार-अल्फा हे प्रथिन कामाला लागतं आणि चरबी जाळणारी जनुकं चालू करतं. अंगात साठलेली चरबी रक्तातून येते, जळते, तिची कीटोन द्रव्यं होतात; उपास लांबला तर मेंदूही त्यांच्यावर निभावतो.

सकाळी आपण पोहे खातो आणि हुकूम फिरतो. एसआरईबीपी-१सी नावाचं प्रथिन एरवी पेशीतल्या पडद्याला दाव्यानं बांधल्यासारखं असतं. इन्सुलिन आलं की ते सुटतं, कापलं जातं, आणि त्याचा मोकळा तुकडा केंद्रकात शिरून साखरेची चरबी करणारी जनुकं उघडतो. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास म्हणूनच यकृताला कळतच नाही.) अमेरिकेत डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९९३ च्या सुमारास एसआरईबीपी कुळातल्या प्रथिनांचा छडा लावला. त्यांच्याच कामातलं एक कोडं मला अजून अस्वस्थ करतं. मधुमेहाच्या वाटेवर यकृत इन्सुलिनचं एक सांगणं ऐकेनासं होतं: साखर बनवणं थांबव. दुसरं मात्र निमूट पाळत राहतं: चरबी बनव. साखर वाढते म्हणून इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन वाढतं म्हणून चरबी. बंड आणि आज्ञापालन, दोन्ही एकाच पेशीत.

माझी मावशी काडीसारखी. तिच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात साठलेली चरबी, निघाली तेव्हा ती ओशाळून म्हणाली, “अगं, मी तूप तरी कुठे खाते?” तिला मी दोन डॉक्टरांच्या फोटोची गोष्ट सांगितली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे राहिले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२.

याज्ञिकांनी हा फरक पुण्याजवळच्या खेड्यांत, पार जन्मापर्यंत माग काढत नेला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली हडकुळी, तरी कातडीखालची चरबी बरीचशी राखून असलेली. अनेक आयांमध्ये बी-१२ कमी होतं. डीएनएवर मिथाइलच्या खुणा उमटतात त्या रसायनात हेच जीवनसत्त्व लागतं, आणि कुठलं जनुक किती उघडायचं हे त्या खुणांवरही ठरतं. दिवसभर शेतात राबून सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईचं ताट असं बाळाच्या पेशींपर्यंत पोचतं. मावशी हे ऐकून बराच वेळ आजीबद्दल बोलत राहिली.

चालणं, वजनावर लक्ष, साखरेला आवर यांनी यकृतातली चरबी उतरते, आणि ते करायलाच हवं. पण सडपातळ माणसाचा असा रिपोर्ट पाहून त्याला खादाड ठरवू नका. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिचं पान सगळ्यांच्या आधी वाढा.