वेळ नदीकाठची माती

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात की वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी ही गावे एकामागून एक मागे पडतात. शिक्रापूरच्या चौकात उजवीकडे न्हावऱ्याच्या रस्त्याला वळा. थोड्याच अंतरावर, वेळ नदीच्या काठी, तळेगाव ढमढेरे लागते. पुणे जिल्ह्यात दाभाड्यांचे तळेगावही आहे; पण ते मावळातले, भरपूर पावसाच्या शेजारचे. हे ढमढेऱ्यांचे तळेगाव कमी पावसाच्या मुलखातले. गाव ओलांडून शेते सुरू झाली की वाहन थांबवा आणि पायांखालच्या मातीकडे पाहा. आपल्या ताटातील अन्नाचा कस ठरण्यास येथूनच आरंभ होतो.

हा मुलूख मुळात बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा यांचा. पीक घेताना मागच्या पिकाचा बेवड पाहण्याची रीत होती. द्विदल पिकाचा बेवड चांगला, कारण त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीला मिळवून देतात. सुगीनंतर रिकाम्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या जात; रात्रभरच्या लेंड्या आणि मूत्र हेच पुढच्या पिकाचे खत. पुढे खेड तालुक्यात भीमेवर चासकमान धरण झाले, त्याच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यात आले आणि ऊस वाढला. या पाण्याने अनेक संसार उभे केले, हे विसरून चालणार नाही. मात्र उसावर ऊस, भरमसाट पाणी आणि केवळ रासायनिक खते अशी घडी बसली की भारी जमीन हळूहळू खारवट व चोपण होते. तिचा वाफसा लवकर येत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही.

हिवाळ्यात ऊसतोडीच्या दिवसांत येथे आलात, तर आणखी एक दृश्य दिसण्याचा संभव आहे: तोडणी झालेल्या रानात पेटवलेले पाचट. शेतकऱ्याच्या बाजूने कारणे खरी असतात. खोडव्याला लवकर पाणी द्यायचे असते, मजूर मिळत नाहीत, सरीत अडकलेल्या पाचटातून पाणी पुढे सरकत नाही. पण एका एकरातून साधारण 3 ते 4 टन पाचट निघते. ते जाळले की त्यातील सेंद्रिय कर्ब आणि नत्र जवळजवळ संपूर्णपणे धुरातून निघून जातात. शिवाय तो धूर वस्तीत शिरतो. दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक.

पाचट राखणे फार खर्चाचे नाही. तोडणीनंतर उसाचे बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे आणि प्रतिटन 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. कोरडे पाचट कुजवताना सूक्ष्मजीवांना नत्र लागतो. तो वरून दिला नाही तर ते पिकाच्या वाट्याचा घेतात, म्हणून युरिया. पुढील काही महिने हेच आच्छादन ओल धरून ठेवते, तण दाबते आणि शेवटी मातीत मिसळते.

महाराष्ट्रात या विचाराची माणसे आणखीही आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीविना शेती करून ती लेखनातून शेतकऱ्यांपर्यंत नेली. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा तंत्रात गादीवाफे मोडत नाहीत आणि कापणीनंतर पिकाची मुळे जमिनीतच ठेवतात. कुजलेल्या मुळांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा उरतात, गांडुळे वाढतात.

आपल्या प्रकृतीशी याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. बाजरी-ज्वारीतील जस्त आणि लोह जमिनीतूनच येते. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत ही द्रव्ये असूनही मुळांना सहजी मिळत नाहीत. सेंद्रिय पदार्थ आणि मुळांभोवतीच्या बुरशी ती उपलब्ध होण्यास साहाय्य करतात.

मुलांना बरोबर नेले असेल, तर एक प्रयोग अवश्य करा. शेतकऱ्याची परवानगी घेऊन मातीची दोन वाळकी ढेकळे आणा: एक गवताळ बांधावरचे, दुसरे वारंवार नांगरलेल्या रानातले. पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत ती अलगद सोडा. कसदार मातीचे ढेकूळ बराच वेळ टिकते, कारण बुरशीचे तंतू आणि सूक्ष्मजीवांचा चिकट स्राव तिचे कण बांधून ठेवतात. निःसत्त्व मातीचे ढेकूळ काही मिनिटांत विरघळते आणि पाणी गढूळ होते. पावसात त्या रानाचे काय होत असेल, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

परतताना आल्या वाटेने न येता न्हावऱ्यावरून पारगावकडे जा. भीमा ओलांडली की दौंड तालुका, आणि चौफुल्याला सोलापूर रस्ता मिळतो. वाटेत भाजी किंवा गूळ घेतलात, तर भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ‘दादा, तुम्ही पाचट जाळता की ठेवता?’ ठेवणाऱ्याकडून घ्या, आणि त्यासाठीच घेतले, हे त्याला सांगा. घरी आल्यावर अंगणातला पालापाचोळाही पेटवू नका; तो कुंडीत घाला.