गवताचं अरण्य

नगाव मागे टाकून गाडी पूर्वेकडे लागली की उजव्या हाताला कार्बी आंगलाँगचे डोंगर आणि डाव्या हाताला ब्रह्मपुत्रेची सपाटी सुरू होते. मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे काझीरंग्याची दक्षिण सीमा. 'प्राणी रस्ता ओलांडतात, वेग चाळिसाच्या आत ठेवा' असे फलक दिसू लागतात, चहाचे मळे विरळ होतात आणि क्षितिजापर्यंत नुसतं गवत उरतं.

काझीरंगा म्हटलं की गेंडा आठवतो. मी निघाले होते ती मात्र मुख्यतः या गवतासाठी. सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांवर मी बरीच वर्षं हिंडते आहे. धाविक, खोकड आणि लांडग्यांच्या त्या हक्काच्या माळांवर समतल चर खणून गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची रोपं लावलेली मी पाहिली आहेत. सरकारी दफ्तरात माळ 'पडीक' म्हणून नोंदलेला असतो आणि पडीक जमिनीवर झाडं लावणं हे पुण्यकर्म समजलं जातं. झाडं म्हणजेच जंगल, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट आहे. गवतालाच अरण्याचा मान देऊन ते शंभराहून अधिक वर्षं राखलं गेलं, असा प्रदेश मला डोळ्यांनी पाहायचा होता.

मार्चचा पहिला पंधरवडा होता. पश्चिमेकडच्या बागोरी फाटकातून जीप आत शिरली तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. रस्त्याच्या एका अंगाला हत्ती झाकला जाईल एवढं उंच, वाळून पिवळं पडलेलं गवत. दुसऱ्या अंगाला जळून काळी झालेली जमीन, आणि त्या काळ्या खुंटांमधून वर आलेले कोवळे, पोपटी कोंब. वनखातं दर हिवाळ्याच्या शेवटी इथे पट्ट्यापट्ट्यानं गवत पेटवतं. जुनं, राठ गवत कोणी खात नाही. ते जळालं की मुळांतून नवी पालवी फुटते आणि हरणं, रानरेडे, गेंडे त्या पट्ट्यावर उतरतात.

तसा एक गेंडा जीपपासून पन्नास पावलांवर चरत होता. वरच्या ओठाच्या टोकाचा बोटासारखा उपयोग करून तो कोंबांचा झुबका पकडायचा आणि हिसडा द्यायचा. गवत तुटल्याचा करकर आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. मानेच्या वळीत चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि पाठीवरची साळुंकी त्या भेगांमधून काहीतरी टिपत होती. जरा पुढे वाटेलगत त्याच्या शेणाचा ढीग होता. गेंडे पुन्हा पुन्हा ठरावीक जागीच शेण टाकतात. त्यामुळे असे ढीग कमरेएवढे वाढतात. त्या ढिगाच्या एका अंगाला कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला कुठल्याशा झाडाची पाच-सहा रोपं. गेंड्यानं खाल्लेल्या फळांच्या बिया तिथे आयत्या खतात रुजल्या होत्या.

जीप चालवणारा मिसिंग तरुण याच परिसरात वाढलेला. मी त्याला गवतांची नावं विचारली आणि त्याचा चेहरा खुलला. 'सगळे गेंडा कुठे, वाघ कुठे, एवढंच विचारतात, बाइदेउ,' असं म्हणून त्यानं जीप थांबवली आणि हात करून एकेक जात दाखवली. तुऱ्यांचं कोहुआ, म्हणजे आपलं काश. छपरासाठी कापतात ते उलू. पाण्याकाठचं नळ. जाड काड्यांचं इकरा. कुडाला इकरा लावून वर माती लिंपली की जुन्या आसामी घराची भिंत तयार होते. आणि बिरिणा, म्हणजे उन्हाळ्यात आपण माठात घालतो तो वाळा. इथे त्याच्या बेटांत गेंडीण पिलाला दडवून ठेवते.

झाडंही आहेत, पण ती गवताच्या कडेनं. बीलांच्या काठी, म्हणजे नदीनं मागे सोडलेल्या तळ्यांच्या काठी, काटेसावर लाल फुलांनी भरली होती. एका ओळीत एजार उभे होते. एजार म्हणजे ताम्हण, आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. बहर यायला अजून अवकाश होता, पण त्या गुळगुळीत, फिकट सालीवरून मी ते लगेच ओळखलं. हत्तींना आवडणारा औटेंगा, म्हणजे मोठा करमळही तिथेच होता. आसामी स्वयंपाकघरात त्याच्या आंबट फळानं माशाचं कालवण होतं.

ही झाडं संधीची वाट पाहत असतात, हे मला तिथे नीट कळलं. या सपाटीत गवत आपोआप टिकत नाही. पूर आला नाही, जाळ लागला नाही, चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांची संख्या घटली, तर काटेसावर आणि ताम्हण पुढे सरकतात, त्यांच्या सावलीत गवत खुरटतं आणि काही दशकांत तिथे राई उभी राहते. राई वाईट नाही. पण गेंडा, रानरेडा आणि बारशिंगा यांचं पोट गवतावर चालतं. पूर्वेकडच्या बारशिंग्याला तर काझीरंगा सोडून जवळपास दुसरं घरच नाही.

दुपारी त्या तरुणाच्या घरी चहा घेतला. मिसिंग लोकांचं चांगघर खांबांवर उभं असतं, माणूसभर उंच. खाली कोंबड्या, हातमाग, होडी. एका खांबावर गेल्या पुराची चिखलाची रेघ अजून दिसत होती. घरातल्या आजींना मी पुराबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, 'पाणी यायलाच पाहिजे. नाही आलं तर बीलात मासे कुठून येणार, शेतात गाळ कुठून येणार? पण आलेलं पाणी वेळेवर परत जायला हवं.' नदीकाठच्या माणसाला पुराचा फायदा आणि तोटा दोन्ही तोंडपाठ असतात.

काझीरंग्याचं गणितही तेच आहे. दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा उद्यानाचा मोठा भाग पाण्याखाली घेते. बीलांत साचलेली जलपर्णी वाहून जाते, ताजा गाळ पसरतो, मासे आत येतात. प्राणी उंचवट्यांवर चढतात, नाहीतर महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगरांत जातात. त्यासाठी हरणांना आणि हत्तींना ठाऊक असलेल्या वाटा आहेत. पुराच्या दिवसांत त्या टप्प्यात शिरणाऱ्या वाहनांना वेळ लिहिलेलं कार्ड दिलं जातं आणि पलीकडच्या नाक्यावर ते तपासतात. लवकर पोचलात याचा अर्थ वेगात आलात, म्हणून दंड. तरीही पूर मोठा असला की शेकडो प्राणी बुडतात, काही गाड्यांखाली येतात. नदी दरवर्षी काठ कापते, ते वेगळंच. म्हणून उद्यानाला मागच्या बाजूनं नवी जमीन जोडत राहावं लागतं. हे सगळं सोसूनही नदीला मोकळं ठेवायचं, हे इथल्या संवर्धनाचं मर्म आहे. डोंगराकडची वाट बंद झाली, तर जगवणारा पूरच मारणारा ठरेल. म्हणून हॉटेलं आणि खाणींपासून ते डोंगर वाचवणं हेही गेंडा वाचवण्याचंच काम आहे.

या राखणीचं फळ दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोजकेच गेंडे उरले होते. 1908 साली हे राखीव जंगल झालं, 1974 साली राष्ट्रीय उद्यान, 1985 साली जागतिक वारसास्थळ. 2022 च्या गणनेत काझीरंग्यात 2,613 गेंडे मोजले गेले. त्याच्या आदल्या वर्षी आसाम सरकारनं बोकाखातला साठवणीतली 2,479 शिंगं जाहीरपणे जाळली. गेंड्याचं शिंग केसांच्या आणि नखांच्या द्रव्याचंच बनलेलं असतं, त्यात औषध नाही, हे साऱ्या जगाला दाखवण्यासाठी.

तिथून तेजपूरजवळचा पूल ओलांडून आम्ही उत्तर तीरावर आलो आणि पश्चिमेकडे मानसला गेलो. मानसच्या डोक्यावर भूतानचे डोंगर आहेत. डोंगरांच्या पायथ्याशी गोट्यांची, पाणी जिरवून टाकणारी भाबर जमीन आणि तिच्या खाली ओलसर तराईचं गवत. याही जागेला 1985 सालीच जागतिक वारशाचा मान मिळाला होता. पण बोडो आंदोलनाच्या अशांत वर्षांत चौक्या जळल्या, रक्षक मारले गेले आणि एकूण एक गेंडा संपला. 1992 साली युनेस्कोनं मानसला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. 2003 च्या बोडो करारानंतर ज्यांना शिकारीच्या वाटा माहीत होत्या, त्यांतलेच कितीतरी जण राखणदार झाले. 2008 पासून पोबितोरा आणि काझीरंग्यातून गेंडे आणून सोडले गेले आणि 2011 साली मानस त्या यादीतून बाहेर आलं.

मानसला मला भेटायचं होतं ते गवतातल्या सगळ्यात लहान रहिवाशाला. ठेंगणं डुक्कर खांद्याशी जेमतेम 25 सेंटिमीटर उंच असतं. जगातलं हे सगळ्यात छोटं रानडुक्कर नामशेष झालं असंच मानलं जात होतं. 1971 साली ते आसामात पुन्हा सापडलं. 1996 साली मानसमधून सहा डुकरं पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठ इथे त्यांची पैदास सुरू झाली. त्यांची पिल्लं सोनाई-रूपाई, ओरांग, बरनदी आणि 2020 पासून खुद्द मानसच्या गवतात सोडली जात आहेत.

डुक्कर काही दिसलं नाही, ते सहसा कोणालाच दिसत नाही. पण परवानगी काढून, बंदूकधारी वनरक्षकांच्या सोबतीनं एका चौकीजवळ आम्ही त्याचं जुनं घरटं पाहिलं. डुकरानं नाकाडानं जमीन उकरून बोटभर खोल खळगा केला होता. त्यात कुरतडलेल्या गवताचा थर होता आणि आजूबाजूची उभी ताटं वाकवून वर छप्पर घातलं होतं. हात आत घातला तर बाहेरच्या उन्हाच्या मानानं आत चांगलाच गारवा लागला. नर, मादी, पिल्लं सगळी बारा महिने अशा घरट्यांत झोपतात. या डुकराच्या अंगावर एक ऊ राहते. ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्यावर जगत नाही, म्हणून तीही नामशेष होण्याच्या काठावर आहे. ठेंगणं डुक्कर वाचवलं की त्याची ऊही वाचते.

जाळाचा दुसरा चेहरा मला या घरट्यापाशी दिसला. गवताला जाळ हवा, पण सगळं रान एकदम पेटवलं तर डुकराला आसराच उरत नाही. जाळ उशिरा, ऐन कोरड्या दिवसांत लागला तर घरट्यातली पिल्लंही भाजतात. म्हणून हंगामात लवकर, थोडाथोडा, काही पट्टे राखून जाळायचा असतो. मुद्दाम राखलेला एक उंच पट्टा वनरक्षकांनी दाखवला. पलीकडच्या एका तुकड्यात रानमोडी माजली होती. कोकणातल्या बांधाबांधावर दिसणारी तीच परदेशी वनस्पती. ती उपटण्याचं काम इथे हातांनी चालतं, दरवर्षी.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोकिलाबाडीच्या सरकारी बियाणे-शेतीवर गेलो. मानसच्या कडेला, पडीक सोडलेल्या वावरांत वाढलेल्या गवतावर दव होतं. उजाडता उजाडता गवतातून एक काळा पक्षी पांढरे पंख फडकावत सरळ माणसाच्या दुप्पट उंचीवर उसळला, क्षणभर तरंगला आणि पाय लोंबकळवत खाली उतरला. बंगाली तणमोराचा नर माद्यांना बोलावत होता. तो पुन्हा उसळेल म्हणून आम्ही श्वास रोखून थांबलो. तो उसळला, पुन्हा पुन्हा उसळला. जगात हे पक्षी काही शेच उरले आहेत, हिमालयाच्या पायथ्याशी आणि कंबोडियात. तणमोर माळढोकाच्या कुळातला. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं, आणि तरीही आज तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे.

म्हणून हे प्रवासवर्णन आपल्या माळांशी आणून थांबवते आहे. आसामच्या ओल्या तराईला महाराष्ट्राच्या कोरड्या माळाची मापं लागू होणार नाहीत. तिथलं गवत पुरावर जगतं, इथलं तुटपुंज्या पावसावर आणि धनगरांच्या मेंढरांच्या चराईवर. पण गवत हीच तिथली परिपूर्ण वनस्पतिसृष्टी आहे, तिच्या जागी झाडं लावणं म्हणजे ती पुसून टाकणं आहे, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे. काझीरंग्यानं ती मान्य केली म्हणून तिथे गेंडा आहे. आपण माळाची नोंद 'पडीक'मधून काढून 'गवताळ रान' अशी केली पाहिजे, वृक्षारोपणाच्या उद्दिष्टातून माळ वगळले पाहिजेत आणि पिढ्यानपिढ्या तिथे मेंढरं चारणाऱ्यांना त्या रानाच्या राखणीत जागा दिली पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात गावात रोपांचा ट्रक आला की खड्डे खणण्याआधी त्या माळावर कोण राहतं, एवढं तरी विचारूया.